सात पाचे पस्तीस

शाळा सुटली होती. बाईंच्या टेबलावर चौथीच्या दोन वह्या उघड्या होत्या. दोन्हींत एकच गणित : 364 भागिले 7. एका मुलाने 52 लिहिलं होतं. दुसऱ्या वहीत पानभर उभ्या रेघा, सात-सात रेघांना गोल, आणि उत्तराची जागा रिकामी.

बाई : ही रिकामी वही तुमच्या ज्ञानरचनावादाची. छत्तीस रेघा मारल्या, पाच गोल केले, एक रेघ उरली. तोवर चार खाली घ्यायचा हेच पोरगी विसरली. पाढा येत असता तर पुढे गेली असती.

मी : पण भागाकार म्हणजे वाटणी, हे तिला कळलंय. ज्याचं उत्तर बरोबर आलं त्याला मी विचारलं, सहा आठवड्यांचे दिवस किती? तो गप्प. ‘सात सख’ म्हटलं की लगेच बेचाळीस. पावलोवच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटायची, तसंच हे.

बाई : कुत्र्याला घंटेचा अर्थ उद्या सांगता येत नाही. या पोराला आठवड्याचं गणित मी उद्या सांगू शकते, बेचाळीस त्याच्याकडे तयार आहे.

मी : मूल हाताळून, करून स्वतःचं ज्ञान बांधतं, असं मानसशास्त्रज्ञ पियाजे सांगतो; ज्ञानरचनावाद तो हाच. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचाही पाया तोच.

बाई : मलाही मान्य आहे. दशकाचे गठ्ठे मी काड्यांनीच बांधून घेते. पण डोक्यात एका वेळी मावतं किती?

मी : जॉर्ज मिलरने 1956 मध्ये सातच्या आसपास म्हटलं होतं. पुढच्या संशोधकांनी ते चारच्या आसपास आणलं.

बाई : मग ती जागा रेघा मोजण्यातच भरली, तर भागाकाराला काय उरलं?

मला उत्तर सुचलं नाही. मी दुसरीकडून आलो.

मी : पाठांतराने मुलं गणिताला घाबरतात.

बाई : चुकल्यावर सगळ्यांसमोर उभं केलं की घाबरतात.

मी : पाढा चुकला की आपण उभं करतोच ना?

बाई : करतो. करू नये. (थोडं थांबून) पण सर, ज्यांच्या घरी संध्याकाळी पाढे म्हणून घेणारं कुणी आहे, त्यांच्या शाळेने पाढे सोडले तरी चालतं. हिचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. घरी आजी, तीही मजुरीला. मी सोडले तर हिच्याकडून कोण म्हणून घेणार?

पियाजेच्या पुस्तकात मला या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही.

मी : मग वर्गातच काय करता येईल ते बघू. मानसशास्त्रज्ञ स्किनर 1953 साली स्वतःच्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला होता. आपलं बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही, हे त्याला खटकलं. त्यातून त्याने शिकवण्याचं यंत्र केलं.

बाई : चाळीस पोरांत लगेच कसं सांगू? यंत्र कुठून आणू?

मी : व्हिगोत्स्की म्हणतो, थोडं पुढे असलेल्या सोबत्याच्या मदतीने मूल पुढची पायरी चढतं. या दोघांना शेजारी बसवूया.

दुसऱ्या दिवशी बसवलं. तो ‘सात पाचे पस्तीस’ म्हणाला, तिने पाच गोल दाखवले. तो बराच वेळ त्या गोलांकडे बघत राहिला. पुढच्या गणिताला मात्र तिने पुन्हा रेघाच मारल्या.

तिला सातचा पाढा अजून येत नाही. तो यायलाच हवा आणि तो शाळेनेच द्यायला हवा, हे मी आता मान्य करतो. कसा द्यायचा, यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.