लटकी बंदूक आणि खरे भय

नेरळच्या स्थानकात उतरणाऱ्या प्रवाशाचे लक्ष सहजच माथेरानच्या छोट्या आगगाडीकडे जाते. लोक तिला कौतुकाने खेळण्यातली गाडी म्हणतात. परंतु ती खेळणे नव्हे. 1907 साली ती सुरू झाली ती माणसांना डोंगरावर नेण्यासाठी, आणि अवघ्या दोन फुटी रुळांचा तिचा लहानपणा त्या डोंगराच्या वळणांनीच तिला लावून दिला आहे. गेल्या दिवाळीत याच नेरळात आम्ही नेमकी उलट प्रकारची एक वस्तू पाहिली. ती दिसावयास अगदी खरी होती, आणि होती मात्र खेळणे.

आमच्या एका स्नेह्यांचे तेथे लहानसे घर आहे. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. परदेशी सैन्ये वापरतात तसल्या एका महागड्या रायफलीची प्रतिकृती त्याने सुटीत तयार केली होती. प्लायवूडचे तुकडे, पाण्याच्या नळाचा प्लॅस्टिकचा पाईप, भंगारातले काही स्क्रू आणि काळा रंग, एवढीच तिची सामग्री. तीतून गोळी सुटणे शक्यच नव्हते. “काका, मूळची लाखांच्या घरात जाते, माझी दोन हजारांत झाली,” असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. कारागिरी खरोखर वाखाणण्याजोगी होती, व आम्ही ती वाखाणलीही.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या सुमारास, फुले व भाजी आणून देणारी एक वृद्ध ठाकूर बाई नेहमीप्रमाणे परसातून आत आली. मुलगा त्या वेळी रायफल खांद्याला लावून पडवीत उभा होता. बाईच्या हातची पाटी खाली पडली. तिने दोन्ही हात जोडले आणि ती जागच्या जागी बसली. “अगं आजी, खोटी आहे ती!” असे म्हणून मुलगा हसला, आणि कबूल करावयास लाज वाटते, पण क्षणभर आम्हीही हसलो. बाई हसली नाही. पाणी प्याल्यावरही तिचा हात बराच वेळ कापत होता.

रात्री जेवणानंतर हा विषय निघाला. मुलाचे म्हणणे सरळ होते: जी बंदूक कोणास मारू शकत नाही, तिने अपराध तो काय केला? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु आपल्या वेदान्त्यांचा दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त आठवून पाहावा. दिवा आणला की साप नाहीसा होतो, आणि साप मिथ्या होता असे आपण समाधानाने म्हणतो. पण अंधारात दचकलेल्या मनुष्याची धडधडणारी छाती मिथ्या म्हणता येईल काय? शिवाय दृष्टान्तातली दोरी बिचारी निरपराध असते. ती साप दिसावी म्हणून कोणी रंगवून वाटेत टाकलेली नसते. येथे तर ती सापासारखी दिसावी याचसाठी आठवडाभर खपणे झाले होते.

मुलाचा दुसरा बचाव अधिक भारदस्त होता. “नक्कल केल्यावाचून कोणी शिकते का?” असे त्याने विचारले. हे खरेच आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासात त्याचा मोठा दाखला आहे. महादजी शिंद्यांनी डी बॉईनकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या, तेव्हा त्यांना शस्त्रेही त्याच तोडीची हवी होती. सँगस्टर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाच्या देखरेखीखाली आग्र्यास युरोपीय नमुन्यावरून बंदुका तयार होऊ लागल्या. एकेक बंदूक सुमारे दहा रुपयांत पडे, असे इतिहासकार सांगतात. ही स्वस्तातली नक्कलच होती. पण ती प्रामाणिक नक्कल होती, कारण मूळ वस्तूचे काम तिने अंगावर घेतले होते. तथापि 1803 साली इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या चाकरीतले अनेक युरोपीय अधिकारी त्यांना सोडून गेले, आणि उत्तरेकडील फौजांचा मुख्य पेराँ हा स्वतःच इंग्रजांच्या आश्रयास गेला. बंदुका आपल्याजवळ राहिल्या. त्या चालविणाऱ्या फौजेचे नेतृत्व मात्र परक्यांच्या हाती होते ते त्यांच्याबरोबर गेले. पूर्ण व कामाच्या नकलेचीही जर ही गत, तर केवळ बाह्यांगाच्या नकलेने कितीसे शिकणे होणार? लाकूड मापात कापणे तो मुलगा शिकला, हे आम्ही मान्य करतो. तेवढे तर पाट किंवा कपाट करूनही शिकता आले असते.

मग प्रतिकृती मात्रच त्याज्य मानावी काय? मुळीच नाही. त्याच घराच्या अंगणात धाकट्या मुलीने दिवाळीचा किल्ला केला होता. मातीचे बुरूज, अळिवाची हिरवळ, पायऱ्यांवर मातीचे मावळे, हातात इवल्या तलवारी. तोही भासच, पण पाहणारा वाकून, स्वखुशीने त्यात शिरतो. रंगभूमीवरील लाकडी तलवारीचेही तसेच. प्रेक्षक तिकीट काढून तो भास मागून घेतो. या रायफलीच्या पोटात काहीच नसल्यामुळे तिचे सारे कार्य पाहणाऱ्याच्या मनातच घडायचे असते, आणि त्या मनाची संमती कोणी घेतलेली नसते. संमतीने दिलेला भास ही कला होय. संमतीवाचून लादलेला भास ही जबरदस्ती होय, मग हेतू कितीही निर्मळ असो.

मुलगा अखेर म्हणाला, “मला सैनिकांविषयी आदर आहे, म्हणून केली.” हे तो मनापासून बोलला. परंतु आदर हा शस्त्राच्या आकृतीला चिकटलेला नसतो. माथेरानचे भाई कोतवाल वकील होते. 1942 च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे कापून पाडले. आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते व हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यांचे नाव या मुलखात आजही आदराने घेतले जाते, आणि ते घेताना त्यांच्या हाती कोणते शस्त्र होते, हे कोणी विचारीत नाही. त्यांनी जे अंगावर घेतले त्याची किंमत लोक जाणतात. ती किंमत न देता तिच्यावर मिळणारा मान वापरावयास घेणे, हा उसनेपणा आहे.

त्या दोन हजारांच्या हिशेबातही एक रक्कम धरावयाची राहिली होती. ती त्या बाईने भरली होती, आणि आमच्या हसण्याने तीत भर पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आली; पण परसातून आली नाही. फाटकाबाहेर उभी राहून तिने हाक दिली, “येऊ का आत?” इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारले नव्हते, असे घरच्या बाई म्हणाल्या. मुलगा काही न बोलता उठला, फाटकापर्यंत गेला आणि पाटी स्वतः उचलून आत घेऊन आला. बाई त्याच्यामागून चार पावले अंतर ठेवून चालत होती.