फुकटचा पूल

वांद्र्याहून माहीमला जाताना खाडीपाशी गाडी हमखास खोळंबते, आणि मला लेडी जमशेटजींची आठवण होते. 1845 पूर्वी येथे होडीने पलीकडे जावे लागे. कंपनी सरकार पैसा द्यायला तयार होईना. तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभाय यांनी 1,57,000 रुपये दिले आणि अट घातली की, येणाऱ्याजाणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही. दान चोख! पण रस्ता झिजतो. दान केलेल्या वस्तूची डागडुजी कोणी करायची?

हा प्रश्न मला खरा भिडला तो खाडीवर नव्हे, भाच्याच्या टेबलापाशी. तो वांद्रे-कुर्ला संकुलात संगणकाचे काम करतो. मागे त्याने एका धर्मादाय दवाखान्याला रुग्णांच्या नोंदींची व्यवस्था करून दिली. अशी कामे कोणी पायापासून करीत नाही. तयार सांगाडा घ्यायचा, वर आपल्या भिंती चढवायच्या. त्या सांगाड्याला हे लोक फ्रेमवर्क म्हणतात. भाच्याचा सांगाडा गूगलचा, नाव अँग्युलरजेएस. 2010 साली निघालेला, सर्वांना फुकट. 2016 मध्ये त्याचा नवा अवतार आला, तो इतका निराळा की जुन्या भिंती त्यावर बसेनात. 2018 मध्ये जुन्याची मुदत जाहीर झाली, कोरोनामुळे ती सहा महिने लांबली, आणि 31 डिसेंबर 2021 ला त्याची डागडुजी थांबली.

पूल कोणी तोडला नाही, हे ध्यानात घ्यावे. दवाखान्याचा पडदा दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखाच उजळला. फक्त पुढे एखादे भगदाड निघाले, तर बुजवायला मूळ कारागीर येणार नव्हते. आणि त्या भिंतींआड माणसांची दुखणी लिहिलेली होती.

अशा वेळी दात्याला बोल लावणे सोपे. मला ते पटत नाही. वस्तू फुकट दिली, आतली सारी रचना उघडी ठेवली, तीन वर्षे आधी सांगितले. (तरी ज्याच्या भरवशावर लोकांनी होडी सोडली, त्याच्याकडे थोडेसे देणे उरतेच, असे माझे मन म्हणते.) पण भाच्याने दवाखान्याकडून कामाचे पैसे घेतले होते, आणि सांगाडा उसना आहे हे सांगितले नव्हते. मुदत संपल्याचे त्याला ठाऊक होते, दवाखान्याला नव्हते.

त्याचा सोबती म्हणाला, "चालतंय ना? मग गप्प बस." हा मार्ग सर्वांत स्वस्त, कारण त्याची किंमत जे भरणार ते रुग्ण त्या खोलीत नव्हतेच. पैसे घेऊन जुने सांभाळणारेही असतात. पण तो पैसा दवाखान्याच्या दानपेटीतून जायचा. उरले नव्याने बांधणे. त्यात भाच्याच्या रात्री जायच्या, आणि डोळे मिटून बटणे दाबणाऱ्या खिडकीवरच्या बाईंना पुन्हा पहिलीत बसावे लागायचे. वाट कोणतीही घ्या, ओझे कोणाच्या तरी डोक्यावर जातेच. कोणाच्या, हे त्याला विचारून ठरवावे, एवढेच मी भाच्याला म्हणालो.

तो विश्वस्तांकडे गेला आणि सारे सांगून मोकळा झाला. वृद्ध गृहस्थ शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "नवं किती वर्षं टिकेल?"

दहा म्हटले असते तरी खपले असते. भाचा म्हणाला, "ठाऊक नाही, काका. पण बंद पडायची वेळ आली, तर या खेपेला आधी तुम्हांला कळेल."

काम सुरू झाले आहे. एकेक पान नवे, बाकीचे जुने, दोन्ही शेजारी शेजारी. पिवळे बटण मात्र आहे तेथेच राहिले पाहिजे, असे खिडकीवरच्या बाईंनी बजावले आहे.