अर्धा विणलेला स्वेटर

दिवाळी उलटली, कपाशीची पहिली वेचणी घरात आली आणि आमच्या किन्हीराजाच्या शिवारात पहाटेचा गारठा जाणवू लागला, म्हणजे गरम कपड्यांच्या पेट्या उघडण्याचे दिवस येतात. यंदा आमची पेटी उघडली तेव्हा कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याखाली लोकरीचे लहानमोठे अकरा गुंडे निघाले, आणि त्यांच्याही खाली सुयांसकट एक अर्धा विणलेला स्वेटर. पाठ पूर्ण, पुढील भाग काखेपर्यंत आलेला, बाह्यांचा पत्ता नाही. शेजारच्या विधवा बाईच्या ज्या मुलासाठी तो आरंभिला होता, तो आता आईच्या डोक्यावरून पाहतो.

वाचकहो, गोष्ट क्षुल्लक दिसते. तथापि तिच्यापाशी एक प्रश्न उभा राहतो, तो असा की, आरंभिलेले काम हे वचन आहे काय? आम्ही त्या मुलास तोंडाने काही कबूल केले नव्हते. लोकर आमच्या पैशाची, सुया आमच्या, हात आमचे. मग न विणल्याने आम्ही कोणाचे काय बुडविले? असा युक्तिवाद आम्ही मनाशी पुष्कळ केला. परंतु माप घेताना मूल हात वर करून उभे राहते, श्वास रोखते, आणि त्या दिवसापासून वाट पाहू लागते. त्या घटकेपासून लोकर आपली असली तरी स्वेटर त्याचा झालेला असतो. तीन हिवाळे तो नुसत्या सदऱ्यावर शाळेस गेला, आणि दर हिवाळ्यात आम्ही नव्या रंगाची लोकर आणली.

नव्या आरंभाच्या गोडीस आम्ही पाप म्हणत नाही. बोटांना हौस नसती तर विणकाम कोणी केलेच नसते. साठा करणे हेही सर्वस्वी वाईट नव्हे. एका वेळी रंगविलेल्या लोकरीशी दुसऱ्या वेळची छटा जुळत नाही, म्हणून कोपर विरल्यास दुरुस्तीपुरती राखून ठेवणे शहाणपणाचेच. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठविले. लूककृत शुभवर्तमानातील त्या धनवान मनुष्यानेही कोठारे वाढविण्याचा बेत केला. दोघांचेही धान्यच, भेद इतकाच की, ते कोण खाणार हे योसेफास ठाऊक होते. आपल्या पेटीतील प्रत्येक गुंड्यास हेच विचारावे. ज्याला कोणाचे नाव सांगता येत नाही, तो बहुधा कसरीसाठी राखलेला असतो. आणि ही कसर केवळ दृष्टान्तातली नव्हे, आमच्या दोन गुंड्यांचा धागा ओढताच वितीवितीवर तुटतो.

मग आरंभिलेले सर्व काही पुरे केलेच पाहिजे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जो स्वेटर मुलास येणारच नाही तो हट्टाने पुरा करणे म्हणजे केवळ आपल्या मनाचे समाधान. त्याची थंडी आहे तशीच राहते. उसवणे हेही प्रामाणिक काम आहे. उसवलेली लोकर कुरळी होते. तिच्या लड्या करून कोमट पाण्यात धुतल्या व खाली हलके वजन बांधून सावलीत टांगल्या, म्हणजे ती पुन्हा सरळ होते. उरल्यासुरल्या तुकड्यांचे काय करावे, हे आमच्या खेड्यांतील म्हाताऱ्यांना कोणी शिकवावे असे नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या त्या हातांना, रंग जुळत नाहीत ही सबब कधी सुचली नाही.

तिसरा मार्ग दुसऱ्याच्या हाती देण्याचा, आणि तोच अवघड. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निजल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. बांधलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. आम्हांस मात्र एक स्वेटर दुसऱ्याच्या सुयांवर सोपविताना संकोच होतो, कारण मग नावही वाटून घ्यावे लागेल.

यापो येथे टबीथा मरण पावली तेव्हा विधवांनी तिने केलेली वस्त्रे पेत्रास दाखविली. तिच्या घरीही काही अर्धे शिवलेले राहिले असेल. ते कोणी दाखविल्याचे लिहिलेले नाही. ती पुन्हा उठली तेव्हा तिने प्रथम सुईच हाती घेतली असावी, असा आमचा तर्क आहे. शास्त्रात तसे नाही.

परवा आम्ही त्या मुलास बोलावून पुन्हा माप घेतले आणि जुनी पाठ त्याच्या देखत उसवली. लोकर कमी पडेल असे दिसते, म्हणून छातीवर दुसऱ्या रंगाचा पट्टा येईल. कोणता, म्हणून विचारले. त्याने हिरवा सांगितला. पौष लागण्यास अद्याप महिना-सव्वा महिना आहे.