गायक शेतावर का गेले?



नहेम्याच्या पुस्तकातला तेरावा अध्याय आपण मिस्सामध्ये क्वचितच ऐकतो. म्हणून आज तो जरा सावकाश पाहू या.

नहेम्याने यरुशलेमचा पडका तट उभा केला, लोकांची विस्कटलेली घडी बसवली आणि मग तो काही काळ राजाकडे परत गेला. पुन्हा यरुशलेमला येऊन पाहतो तर काय! मंदिरातल्या ज्या मोठ्या खोलीत लेवी, गायक आणि द्वारपाल यांच्या वाट्याचे धान्य, द्राक्षारस आणि तेल ठेवले जाई, ती खोली तोबीया नावाच्या एका वजनदार माणसाला देऊन टाकलेली. गायकांचा वाटा बंद पडलेला. आणि गायक कुठे होते? पोटासाठी ते आपापल्या शेतावर निघून गेले होते.

नहेम्या गायकांवर रागावला नाही. 'तुमची श्रद्धा कमी पडली' असे तो त्यांना म्हणाला नाही. त्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला. तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोली स्वच्छ करून घेतली आणि निघून गेलेल्यांना पुन्हा आपापल्या जागी उभे केले. मग लोकांनी दशमांश आणला आणि तो नीट वाटला जावा म्हणून नहेम्याने विश्वासू माणसे नेमली.

बंधू-भगिनींनो, आता आपल्याकडे पाहू. शिरूर आणि दौंड भागातल्या आपल्या मुलांमध्ये सूर नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्यापैकी अनेकांची मुळे नगरकडच्या गावांत आहेत. भजन, ढोलकी, पोवाडा आपण घेऊनच आलो आहोत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाताना गाडीत आपली पोरे जी गाणी म्हणतात, त्यातली काही त्यांनीच जुळवलेली असतात. पण मुलगा अठरा-वीस वर्षांचा झाला की रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात पाळी सुरू होते. रविवारची सुट्टी मिळेलच असे नाही. मुलगी सासरी जाते, तिची वही माहेरच्या ट्रंकेत राहते. नोकरी करणे, संसार करणे हे पाप नव्हे. पण त्यांना सुरांत टिकवून ठेवण्यासाठी आपण काय केले, हा प्रश्न उरतोच.

सणाच्या वर्गणीचा हिशोब आठवून पाहा. मांडववाल्याला पैसे, लाऊडस्पीकरवाल्याला पैसे, जनरेटरला डिझेल, मिरवणुकीच्या बँडला आगाऊ इसार. गायनमंडळाला मात्र चहा, बिस्किटे आणि वर 'ही तुमची सेवा आहे' हे वाक्य.

यात मी स्वतः दोषी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना एका तरुणाने सणासाठी नवे गीत रचले, चालही त्यानेच लावली. महिनाभर कामावरून सुटल्यावर मुलांकडून बसवून घेतले. लोकांना ते फार आवडले. सणानंतर तो संकोचाने म्हणाला, "फादर, पेटीचा भाता फाटलाय आणि मला शिकायला पुण्याला जायचंय. आठवड्यातून एकदा. एसटीच्या भाड्याचं काही जमेल का?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "देव तुला देईल." पुढच्या नाताळात तो दिसला नाही. रविवारी दुसरे काम धरल्याचे नंतर कळले. संत याकोबाने आपल्या पत्रात अशाच लोकांविषयी लिहिले आहे, जे उघड्या-उपाशी माणसाला गोड शब्दांनी निरोप देतात आणि हाती काही ठेवत नाहीत. तो उतारा वाचताना मला आजही तो तरुण आठवतो.

कोणी म्हणेल, "फादर, इथे मुलांच्या शाळेची फी भरायची मारामार, दवाखान्याचा खर्च वेगळा. गाण्यासाठी कुठून द्यायचे?" प्रश्न खरा आहे. आजाऱ्याच्या औषधाचे पैसे काढून पेटी घ्या, असे मी कधीच सांगणार नाही. पण मांडव आणि स्पीकर यांना आपण जे देतो, त्यातला थोडा भाग गाणाऱ्याकडे का वळू नये? शिवाय ज्याला आपण मदत मागतो आहोत, तोही बहुधा गरिबाचाच मुलगा असतो.

शिकवण्याची व्यवस्था हीसुद्धा पवित्र शास्त्रातलीच गोष्ट आहे. पहिल्या इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात दावीद राजाने आसाफ, हेमान आणि यदुथून यांच्या घराण्यांना गायन-वादनाची सेवा नेमून दिली. तयार गायकांची संख्या तिथे २८८ दिली आहे. त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, आणि चिठ्ठ्या टाकताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. म्हणजे मंदिरात गुरू होते आणि शिष्यही होते. ते सूर आपोआप उगवले नव्हते.

गोव्यातल्या चर्चनी हे ओळखले होते. तिथल्या धर्मग्रामांच्या शाळांत पिढ्यानपिढ्या गावच्या मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवले गेले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्याच परंपरेतले. त्यांचे वडील चर्चमध्ये संगीत शिकवीत. अँथनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामवंत वादक आणि संगीत-संयोजक झाले आणि प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातल्या गाण्यात त्यांचे नाव गुंफले गेले, ते शिष्याने गुरूला केलेले वंदन होते. देशभर ऐकल्या गेलेल्या त्या सुरांची सुरुवात गावच्या चर्चमधल्या शिकवणीपासून झाली होती.

इतके दूरही जायला नको. आपल्याच शिरूर तालुक्यात कवठे येमाई हे गाव आहे. तिथले बी. के. मोमीन कवठेकर एका मुस्लिम घरात जन्मले. त्यांनी लावण्या, लोकगीते आणि वगनाट्ये लिहिली. तमाशाच्या फडांनी ती रंगमंचावर नेली. राज्य शासनाने त्यांना २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. गावच्या कवीचे शब्द घेऊन फड उभा राहिला, म्हणून ते शब्द लोकांपर्यंत पोचले. आपल्या गीतकारामागे आपण असे उभे राहतो का?

आपल्या मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंग-ओवीची गोडी लावणाऱ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रगण्य. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ मध्ये ते देवाघरी गेले. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. पंथांच्या भिंती ओलांडून आपण त्यांचा वारसा जपतो, हे चांगलेच आहे. पण ऊसतोडीच्या कोपीतले दुःख, रात्रपाळीचा थकवा, रेल्वेच्या वसाहतीतले जीवन देवापुढे कोण मांडणार? ते आजच्याच कोणाला लिहावे लागेल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात संगीत शिकवण्यावर भर दिला, लोकांच्या स्वतःच्या संगीत-परंपरेला योग्य मान द्यायला सांगितले आणि रचनाकारांना नव्या रचनांसाठी उत्तेजन दिले. ते आपल्या गावात उतरवणे आपले काम आहे.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, सणाच्या वर्गणीतून ठरावीक हिस्सा 'गायकांचा वाटा' म्हणून आधीच बाजूला काढावा. त्यातून पेटी-तबल्याची दुरुस्ती, शिक्षकाचे मानधन, शिकायला जाणाऱ्याचे गाडीभाडे आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेची फी भागवावी. दुसरी, जो कोणी नवे गीत रचील त्याला पाकिटात घालून मानधन द्यावे, आणि गीताच्या कागदावर त्याचे किंवा तिचे नाव छापावे. मुलींच्या वह्या विसरू नका. तिसरी, हिशोब फादरकडे नको. नहेम्याप्रमाणे विश्वासू माणसे नेमा आणि हिशोब फलकावर लावा.

२२ नोव्हेंबरला संगीतकारांची आश्रयदाती संत सेसिलिया हिचा सण असतो. तोपर्यंत एवढे तरी करू या की, आपल्यातून निघून गेलेल्या एका गाणाऱ्याच्या घरी जाऊ. रिकाम्या हाताने नको, आणि उपदेश करायलाही नको. "तुझी जागा अजून आहे, काय लागेल ते सांग," एवढेच म्हणू.

हे प्रभू, तुझ्या स्तुतीसाठी ज्यांना तू कंठ आणि शब्द दिलेस, त्यांचा वाटा आम्ही अडवून ठेवला असेल तर आम्हाला क्षमा कर. आमची मूठ सैल कर. शेतावर गेलेल्या तुझ्या गायकांना परत आण. आमेन.