म्हातारपणाची सवलत

म्हातारपणी माणसाचे दात पडतात, केस जातात आणि नियम सैल होतात. पहिल्या दोन गोष्टींबद्दल तो नशिबाला बोल लावतो. तिसरी मात्र त्याची स्वकष्टार्जित असते.

मी स्वतः गोल्फ खेळत नाही. पण पुण्यातले माझे चार निवृत्त स्नेही खेळतात आणि नंतरच्या चहाला मला बोलावतात. या खेळाचे नियम १७४४ साली स्कॉटलंडात लीथच्या सद्गृहस्थांनी प्रथम लिहून काढले, तेव्हा ते अवघे तेरा होते. आमच्या मंडळींनी एका चहात आणखी चारांची भर घातली.

त्यांना तरी काय बोलावं? २०१९ साली नियम बदलले आणि हरवलेला चेंडू शोधायला पाच मिनिटांऐवजी तीनच मिनिटं उरली. अहो, तीन मिनिटांत आम्हाला चष्मा सापडत नाही, आणि तो नाकावर असतो! चेंडू उचलून दुसरीकडे टाकायची वेळ आली, तर पूर्वी तो खांद्याच्या उंचीवरून टाकत; आता गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा. नियम करणाऱ्यांचे गुडघे अजून बोलायला लागलेले दिसत नाहीत.

तर ही नवी कलमं. एक : फटका मारताना कंबरेत उसण भरली, तर फटका धरू नये. दोन : वाळूच्या खड्ड्यात उतरल्यास आधी माणूस बाहेर काढावा, मग चेंडू. तीन : डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं असेल, तर होलपासून काठीभर अंतरावरचा चेंडू आत गेला असं मानावं. चार : किती फटके झाले हे विसरल्यास आठवेल तो आकडा खरा, दोन आठवल्यास लहान तो खरा.

या चौथ्या कलमापाशी मी चहाचा कप खाली ठेवला. विसरणं वयाचं असतं, कबूल. पण नेहमी खालच्या बाजूलाच विसरणं हे वयाचं नव्हे, माणसाचं.

मग सवलत कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते? अमेरिकेत केसी मार्टिन नावाच्या खेळाडूच्या पायाला रक्ताभिसरणाचा गंभीर आजार होता. मैदानावर चालण्याऐवजी गाडीतून फिरू द्या, एवढंच त्याचं मागणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००१ साली सात विरुद्ध दोन मतांनी त्याला गाडी मिळाली. चालणं हा गोल्फचा गाभा नव्हे, असं न्यायालयाला वाटलं. मलाही पटतं. गाडीने पाय वाचतात, फटके नाही. उलट १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता. त्याने आपण होऊन एक फटका वाढवून घेतला. पुढे बरोबरी झाली आणि जादा फेरीत तो हरला.

म्हणजे अंतर कमी करा, गाडी द्या, चेंडू शोधायला नातवंडं न्या. आकड्याला हात लावू नका.

हे मी मांडलं, तेव्हा तिघे हसले. चौथे, चौघांत वयाने थोरले, म्हणाले, "खरं सांगू? माझे फटके तुम्ही माफ करायला लागलात, तेव्हा मला वाटलं, हे मला जिंकवतायत की निरोप देतायत?"

घरोघरी हेच चालतं, नाही का? नातू पत्त्यांत मुद्दाम हरतो, सून प्रत्येक गोष्टीला "हो, बाबा" म्हणते, मुलगा वाद घालायचा सोडून देतो. सगळे प्रेमानेच. पण ज्याची चूक कोणी मोजत नाही, तो माणूस खेळातून केव्हाच बाहेर गेलेला असतो.

गोल्फवाल्यांकडे यावर एक सुंदर सोय आहे. अठरा होल आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत पुरे करणं हा तिथे मोठा मान मानतात. सत्तरीत सत्तर फटके महाकठीण, पण दर वाढदिवसाला एक फटका वाढवून मिळतो. माणूस वय वाढवून सांगायला राजी होतो, तो बहुधा इथेच. मात्र त्यासाठी एकच अट आहे : फटके सगळे मोजलेले हवेत, आणि वर्षंही.