आतला पत्रा

(वाचन : स्तोत्र १३९:२३-२४, मत्तय २३:२५-२८)



सुगी आली की आपल्या मंडळ्यांत उपकारस्तुतीची उपासना होते. कणसे, फळे, भाजीपाला आपण प्रभूपुढे आणून ठेवतो. या वेळी एका दूरच्या खळ्याकडे आपले लक्ष वळवू या.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात माउंट प्लेझंट हे गाव आहे. जुन्या मळणीयंत्रांचा मेळावा तेथे १९५० साली सुरू झाला व तो आजही भरतो. कापणी आणि मळणी एकदम करणारे कंबाइन आले, तेव्हा ही यंत्रे अडगळीत पडली होती. लोकांनी ती बाहेर काढून पुन्हा चालती केली. एका टोकाला वाफेचे इंजिन, दुसऱ्या टोकाला मळणीयंत्र, मध्ये लांब सपाट पट्टा. इंजिनाची ठिणगी पेंढ्यावर पडू नये म्हणून इतके अंतर! पेंढ्या आत गेल्या की दातेरी ड्रम त्या झोडपतो, चाळण्या हलतात, पंखा भूस उडवतो आणि दाणा पोत्यात पडतो. आपल्या खळ्यावर बैलांची पात व उफणणी जे करीत, तेच हे यंत्र करते.

अशा यंत्राची दुरुस्ती करणारा जाणता मनुष्य आधी रंगाचा डबा उघडीत नाही. तो कुजलेल्या फळ्या बदलतो, झिजलेली बेअरिंगे नवी करतो आणि पट्टा चढवण्यापूर्वी चाक हाताने फिरवून कोठे अडते ते पाहतो. इंजिनाचा बॉयलर तर आतून तपासावाच लागतो.

ही तपासणी किती गरजेची आहे, हे २००१ साली ओहायो राज्यातील मेदिना येथे दिसले. मळणीयंत्रे चालवणाऱ्या जातीचेच एक जुने इंजिन तेथे प्रदर्शनासाठी आणले होते. त्याचा बॉयलर फुटला आणि पाच माणसे प्राणास मुकली. भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा गंजून पातळ झाला होता व त्यावरचे पाणीही कमी पडले होते, असे चौकशीत आढळले. ज्यांनी ते इंजिन प्रेमाने सांभाळले, तेही मृतांत होते. प्रेम होते, पण पत्र्याची झीज प्रेमाने भरून निघत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या कित्येक मंडळ्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत. वर्धापनदिन आला की आपण मंदिराला रंग देतो, संगमरवरी पाटी बसवतो. ते योग्यच आहे. पण एकाच बाकावर बसणारी दोन घराणी वर्षानुवर्षे बोलत नाहीत, हिशेबाची वही विचारल्यावर पुढे येते, मिळकतीचे दावे कोर्टात पडून आहेत, याचे काय? तेथे रंग पोहोचत नाही. आणि पत्रा फुटतो तेव्हा आपलीच लेकरे जवळ उभी असतात.

जुने टाकून द्यावे, असे आपण म्हणत नाही. ज्याला अजून काम करायचे आहे, त्याचीच तपासणी करतात. दाविदाने आपले अंतःकरण पारखण्याची विनंती देवाला केली. आपणही या सुगीच्या उपासनेपूर्वी तेवढे करू या. ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याच्या दारी आपणच आधी जाऊ या. टोपली मग वेदीपाशी नेऊ.

प्रभू आपल्याला हे धैर्य देवो. आमेन.