हाडावर उमटलेलं ऊन

पौषातली सकाळ होती. ओरछ्याचा अरुंद पूल ओलांडून मी बेतवेच्या पलीकडच्या काठावर, खडकांत तिपाई रोवून उभी होते. पाण्यापलीकडे बुंदेल्या राजांच्या छत्र्या, शिखरांवर पंख आवळून बसलेली गिधाडं आणि अजून न उठलेलं धुकं. कॅमेरा मामिया सी-३३०, एकावर एक अशा दोन भिंगांचा. त्याला ५५ मिलिमीटरची रुंद भिंगजोडी लावलेली. बंद पडलेल्या एका लग्नाच्या स्टुडिओकडून मी तो विकत घेतला, त्याला आता पंधरा वर्षं झाली.

हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. मान खाली घालून वरच्या घासलेल्या काचेत बघायचं. तिथं चित्र सरळ दिसतं, फक्त डावं-उजवं बदललेलं. रुंद भिंगाचा स्वभाव असा, की दूरचं ते आणखी दूर ढकलतं आणि पायाशी पडलेलं मोठं करून पुढ्यात आणून ठेवतं. म्हणून या भिंगानं निसर्ग टिपायचा तर आधी आपल्या पायाशी बघावं लागतं. त्या दिवशी काचेच्या कडेला एक पांढरा, पसरट तुकडा दिसला. गुराच्या खांद्याचं हाड. पुरात वाहून आलेलं, उन्हानं खडूसारखं झालेलं.

मी ते पायानं बाजूला सारलं. चौकट स्वच्छ झाली. दोन फोटो काढले, आणि तिसऱ्यासाठी फिल्म पुढे सरकवताना हात थांबला. एकतीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे. जे हाड मला फोटोत नको होतं, त्याच हाडातून माझी फिल्म आली होती, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं.

फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात धरून ठेवलेले चांदीच्या क्षारांचे कण. हे जिलेटिन मुख्यतः गुरांच्या हाडांतून काढतात. हाडं फोडून, चरबी काढून ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजत घालतात. कॅल्शियम फॉस्फेट विरघळून जातं, मागे ओसीन नावाचा मऊ भाग उरतो. तो कित्येक आठवडे चुन्यात मुरवायचा, धुवायचा आणि गरम पाण्यात त्याचा अर्क काढायचा. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानं कोलोडियनच्या जागी जिलेटिन वापरण्याची कल्पना मांडली आणि तेव्हापासून हाच रस्ता आहे. गार पाण्यात जिलेटिन फुगतं, रसायनांना आत येऊ देतं, पण कणांना जागेवरून हलू देत नाही. हे काम इतक्या गुणानं करणारं दुसरं काही फिल्म बनवणाऱ्यांच्या हाती अजून आलेलं नाही.

याहून विलक्षण गोष्ट १९२५ च्या सुमाराची. काही जिलेटिनवर फिल्म तेज निघे, काहीवर मंद. कोडॅकच्या संशोधनशाळेत सॅम्युएल शेपर्ड यांनी कारण शोधलं: जिलेटिनमधला गंधकाचा सूक्ष्म अंश. तो येत होता मोहरीच्या कुळातल्या वनस्पतींतून, ज्या त्या गुरांनी चरताना खाल्ल्या होत्या. म्हणजे गाय काय चरली, यावर फिल्मला ऊन किती दिसणार ते ठरत होतं. आमच्या बुंदेलखंडात पौष-माघात मोहरी फुलते. बरुआसागरच्या वाटेला दोन्ही अंगांना पिवळे पट्टे पसरतात आणि मी ते टिपायला जाते. शेपर्डांचं काम वाचल्यापासून त्या पिवळ्या शेताच्या कडेला चरणारी गाय मला नुसती दृश्याचा भाग वाटत नाही. माझ्या फिल्मची ती आई आहे.

आम्ही झाशीचे दक्षिणी. १७४२ मध्ये नारोशंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून इथं आले, त्यांच्यामागून नेवाळकर आले आणि त्यांच्याबरोबर देशावरून-कोकणातून आलेल्या कुटुंबांतलं एक आमचं. घरात मराठी, अंगणात बुंदेली. ज्या गणेशमंदिरात १८४२ मध्ये गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथं माझी आजी दर चतुर्थीला जायची. लसूण-कांदासुद्धा चातुर्मासात घरात येत नसे. त्या घरातली मी, दर महिन्याला हाडांच्या अर्कात हात बुडवते. याला काय म्हणायचं?

प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा ठेवला तो मैत्रिणीनं. ती जैन, आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, माझ्याहून दहा वर्षांनी धाकटी. सोनागिरीच्या डोंगरावरची पांढरी जैन मंदिरं मी एका पहाटे टिपली होती. त्यातला एक फोटो स्वतःच्या हातांनी छापून, चौकट करून तिला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ बघितला आणि हळूच विचारलं, "दीदी, कागदावरसुद्धा जिलेटिनच असतं ना?" मी हो म्हटलं. "मग देवघरात नाही लावता येणार. राग मानू नका." तिनं तो बाहेरच्या खोलीत लावला.

मला राग आला नाही, पण मी वाद घातला. म्हटलं, तुमच्या-आमच्या देवळांत काय कमी आहे? मृदंगाला कातडं आहे. शंख म्हणजे एका जिवाचं घरच. माझी आजी ज्या रेशमी सोवळ्यात नैवेद्य करायची, त्याच्यासाठी कोष उकळले गेले होते. कोषातल्या किड्याचं ऐकल्यावर मी आठ वर्षांची असताना आजीला विचारलं होतं, आणि तिनं पदर घट्ट लपेटून घेतला होता.

मैत्रीण म्हणाली, "सगळीकडे आहे म्हणून चालतं, असं होत नाही, दीदी. उलट, सगळीकडे आहे म्हणूनच मोजायला हवं." मग तिनं तिच्याकडची मोजणी सांगितली. हिंसा चार तऱ्हेची. ठरवून केलेली ती संकल्पी. स्वयंपाकपाण्यात, झाडलोटीत घडणारी आरंभी. पोटापाण्याच्या धंद्यात घडणारी उद्योगी. स्वतःचं रक्षण करताना होणारी विरोधी. गृहस्थाला शेवटच्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, त्या कमी करत न्यायच्या. पहिली मात्र सोडायचीच. आणि हिंसा हातानं करणं, दुसऱ्याकडून करवणं, दुसऱ्यानं केलेली मनानं मान्य करणं, या तिन्हींचा हिशेब लागतो.

मी रात्रभर माझी फिल्म त्या चार खणांत बसवत होते. ती स्वयंपाक नाही. माझा धंदा नाही. रक्षणाचा तर संबंधच नाही. मी कुणाला मारलं नाही, कुणाला मारायला सांगितलंही नाही. पण दुकानातून रोल घेताना मला सगळं ठाऊक असतं आणि तरी मी पैसे मोजते. अनुमोदनाचा खण रिकामा ठेवता येईना.

आमच्या बाजूलाही एक मोजणी आहे आणि ती मी आजोबांकडून ऐकलेली. स्मृतिग्रंथांत घरातल्या पाच हिंसास्थानांना पंचसूना म्हणतात: चूल, जातं किंवा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाच जागी रोज न कळत जीव मरतात. चूल पेटवू नका, असं कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते रोज फेडायला: पंचमहायज्ञ. आजोबा वैश्वदेव करत, आजी पहिली पोळी गाईसाठी काढून ठेवी, ओट्यावर कावळ्याला भात ठेवी. मला या विचारातला प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. शुद्ध घर असतं असा दावा तिथं नाही. जेवणारं प्रत्येक घर ऋणात आहे आणि ते ऋण सकाळी उठल्यापासून चालू होतं, एवढंच तो सांगतो.

पण बेतवेच्या काठी हात थांबला तेव्हा मला या मोजणीतली एक मोठी गळती दिसली. पाच जागा घराच्या आतल्या आहेत. गोठ्यातली म्हातारी गाय मेली की पुढे काय, ते त्यात नाही. ते काम घराबाहेरच्या माणसांवर टाकलं होतं. त्यांनी मेलेलं जनावर ओढून न्यायचं, कातडं सोलायचं, हाडं गोळा करायची आणि हे केलं म्हणून आमच्या विहिरीला हात लावायचा नाही. आमचं सोवळं त्यांच्या अस्पृश्यतेवर उभं होतं. मेलेली जनावरं ओढू नका, मृत मांस खाऊ नका, असा आग्रह बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या दशकापासून धरला, तो या व्यवस्थेच्या मुळावर घाव होता. आजी कावळ्याला घास घालायची. गाय ओढून नेणाऱ्या माणसाचं नाव मात्र आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी पायानं हाड सारलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरानं जे केलं तेच केलं: चौकटीबाहेर ढकललं आणि आतल्या स्वच्छतेला पुण्य म्हटलं.

मग हेतू चांगला असला तर? त्याचं उत्तर समोरच शिखरावर बसलं होतं. ओरछ्याच्या छत्र्यांवर गिधाडं घरटी करतात. १९९० नंतर देशभर गिधाडांच्या तीन जाती शेकडा नव्वदाहून जास्त घटल्या. कारण हाती आलं २००४ मध्ये: डायक्लोफेनॅक. दुखऱ्या गुरांना शेतकरी दयेनं जे औषध देत होते, ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. यात कुणाचाच संकल्प वाईट नव्हता. गाईला बरं वाटावं म्हणून दिलेल्या औषधानं आकाश रिकामं केलं. तेव्हापासून मला वाटतं, माणसाचा हेतू निर्मळ असणं पुरेसं नाही. आपण केलेलं पुढे कुठवर गेलं, हे शोधत जाणं हाही धर्माचाच भाग आहे. न कळत घडलेल्या हिंसेची किंमतही कुणीतरी भरतच असतं.

डिजिटल कॅमेरा घे म्हणजे प्रश्न मिटेल, असं मला पुष्कळांनी सुचवलं. जिलेटिनचा प्रश्न मिटेल, हे खरं. पण त्याच्या बॅटरीतला कोबाल्ट आणि तांबंही जमिनीतून कुणीतरी खणून काढतं, आणि ते हाडाइतकं माझ्या पायाशी येऊन पडत नाही. मैत्रिणीनं फिल्म सोडली असती, आणि तिचं बरोबर ठरलं असतं. मी सोडलेली नाही. ज्या प्रकाशात मी मोठी झाले तो मला याच तऱ्हेनं धरता येतो आणि हे प्रेम खोटं नाही. पण प्रेम आहे म्हणून ऋण माफ होत नाही. म्हणून मी तिच्याकडून परिमाण घेतलं आणि आजोबांकडून परतफेड.

परिमाण, म्हणजे स्वतःला घालून घेतलेली मर्यादा, असं: महिन्याला एक रोल. १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो, तेरावा नाही. तिपाई लावल्यावर मी पुष्कळदा फोटो न काढताच परत येते.

परतफेड अशी: वापरलेला हायपो, म्हणजे फिल्म पक्की करणारं द्रावण, मोरीत ओतायचा नाही. फिल्ममध्ये न लागलेली चांदी त्यात विरघळून उतरलेली असते. तो बरणीत साठवायचा आणि त्यात स्टील वूल बुडवून ठेवायचं. लोखंड विरघळतं, चांदी काळपट गाळ होऊन तळाशी बसते. तो गाळ मी वर्षाकाठी चांदी गाळणाऱ्याकडे देते. फिल्म धुवायला वाहता नळ सोडायचा नाही. वैशाखात आमच्याकडे टँकरमागे रांगा लागतात. टाकीत अर्धा लिटर पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करायचं, ते ओतून नव्या पाण्यात दहा वेळा, मग तिसऱ्या पाण्यात वीस वेळा. दीड लिटरात फिल्म स्वच्छ निघते. आणि प्रत्येक फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहायचं की यात काय आहे: हाड, चांदी, पाणी, ऊन, जागा, तारीख.

यानं हिंसा पुसली जाते असं मी म्हणत नाही. वैश्वदेवानं तरी चुलीत मेलेली मुंगी कुठं परत येत होती? पण मोजणारा माणूस बेपर्वाईनं घेत नाही, आणि तेराव्या फोटोसाठी हात पुढे करताना त्याला आधीचे बारा आठवतात.

त्या सकाळी मी कॅमेऱ्यापाशी परत गेले नाही. आधी हाडाकडे गेले. पाय लागला होता, म्हणून वाकून त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. हाड शिवलं तर अंघोळ, असं आजीनं सांगितलं असतं. मी ते उचलून होतं तिथं, त्याच्या खळग्यात ठेवलं. हाताला बेतवेची ओली वाळू लागली होती, ती पुसली नाही. मग मान खाली घालून काचेत बघितलं. वर, अगदी लहान, छत्र्या आणि गिधाडं. मध्ये नदी. खाली, चौकटीचा चौथा हिस्सा व्यापून, पांढरं हाड. तिसरा फोटो तो काढला. उरलेले नऊ त्या दिवशी काढले नाहीत.

त्या फोटोची एक प्रत मी मैत्रिणीकडे घेऊन गेले. मागची पेन्सिलीची ओळ तिनं आधी वाचली, मग पुढची बाजू बघितली. देवघरात लावण्याचं तिनं विचारलं नाही, मीही सुचवलं नाही. सोनागिरीच्या फोटोशेजारी, बाहेरच्या खोलीत, तिनं तो लावला.